व्हेरिलॉग-एएमएसमधलं $फिनिश: काही महिने वापरल्यानंतर

व्हेरिलॉग-एएमएस ही डिजिटल आणि अ‍ॅनालॉग सर्किट एकत्र लिहून संगणकावर चालवून पाहण्याची, म्हणजे सिम्युलेशनची, भाषा; $फिनिश ही त्यातली सिम्युलेशन संपवण्याची आज्ञा. जळगाव एमआयडीसीत आम्ही ठिबकच्या लॅचिंग (एका पल्सने उघडून किंवा मिटून तसेच राहणाऱ्या) सोलेनॉइड व्हॉल्व्हचे ड्रायव्हर सर्किट बनवतो. व्होल्टेज वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर कपॅसिटर भरतो, पुरेसा भरला की कंपॅरेटर इशारा देतो, लॉजिक कॉइलला पल्स सोडतं. स्विचिंग मायक्रोसेकंदांचं आणि कपॅसिटर भरायला काही सेकंद, म्हणजे सिम्युलेशनचा एक रन रात्रभराचा, वर लोडशेडिंग. रन कधी संपवायचा ती वेळ अंदाजाने टाकून इन्व्हर्टरची बॅटरी जाळणं परवडत नाही. कपॅसिटर भरला, पल्स गेली की रन आपोआप थांबला पाहिजे.

निव्वळ डिजिटलमध्ये फार डोकं लावावं लागत नाही. $फिनिश आलं की विषय संपला. अ‍ॅनालॉग सॉल्व्हर (व्होल्टेज-करंटची समीकरणं सोडवणारा भाग) मात्र प्रत्येक टाइमपॉइंटला न्यूटन-रॅफसनच्या, म्हणजे अंदाज सुधारत उत्तराकडे जाण्याच्या, फेऱ्या मारतो. मधल्या फेरीत व्होल्टेज भलतीकडेच उडतं, वेळेची ती पायरी नामंजूर होते, मग छोटी पायरी घेतली जाते. साध्या ‘इफ’मध्ये ‘24 व्होल्टच्या वर गेलं की $फिनिश’ लिहिलं, तर त्या नामंजूर फेरीतही अट खरी ठरते. बाजार समितीत पुकारलेली प्रत्येक बोली काही सौदा नसते. भाषेचं मॅन्युअलही तेच धरून चालतं: स्वीकारलेल्या फेरीत $फिनिश आलं, तर हातातलं सोल्युशन पूर्ण करून बाहेर पडायचं. आमचा सिम्युलेटर हे नीट पाळतो. तरी मी ‘क्रॉस’ इव्हेंटच (व्होल्टेजने ठरलेली पातळी ओलांडली की जागा होणारा) वापरतो, चढती दिशा आणि टॉलरन्स देऊन. ओलांडणीच्या लगेच पुढे पॉइंट पडतो आणि थांबण्याची वेळ भरवशाची मिळते.

गोची होते डिजिटल बाजूने $फिनिश दिल्यावर. त्या क्षणी अ‍ॅनालॉगचा शेवटचा स्वीकारलेला पॉइंट मागे असू शकतो. माझ्या मते सिम्युलेटरने अ‍ॅनालॉगला तिथवर आणावं, ‘फायनल-स्टेप’ (शेवटच्या पॉइंटला चालणारा कोड) चालवावं, मगच फाइल बंद करावी. आमचा तसाच बाहेर पडतो. कॉइलच्या करंटचं शेपूट कापलं जातं आणि पल्सला किती ऊर्जा लागली तो आकडा छापलाच जात नाही, ज्यासाठी सगळा खटाटोप! आता डिजिटल फक्त एक फ्लॅग वर करतं. तो 0 वरून 1 झाला की (पॉझएजवर) अ‍ॅनालॉग ब्लॉक आकडा छापतो आणि $फिनिशही तोच देतो.

दुसरी तक्रार तापमानाच्या स्वीपची, म्हणजे एकापाठोपाठ वेगवेगळ्या तापमानांना रन घेण्याची. इथला मे महिना 45 अंशांचा, त्यामुळे वरची टोकं तपासावीच लागतात. पण पहिल्याच तापमानाला $फिनिश लागलं की अख्खी प्रोसेस बंद, पुढची तापमानं तशीच राहतात. ‘हे अ‍ॅनालिसिस संपव’ आणि ‘दुकान बंद कर’ यांना वेगळ्या आज्ञा हव्यात. तोवर प्रत्येक तापमानाचा रन वेगळा.

निकाल फसला असेल तर $फिनिशऐवजी $फेटल (एरर देऊन थांबवणारी आज्ञा) द्या, म्हणजे स्क्रिप्टला एरर कोड तरी मिळतो. व्हीएचडीएल या दुसऱ्या हार्डवेअर-भाषेवाल्यांचं याच्या उलट होतं: 2008 च्या आवृत्तीत ‘फिनिश’ येईपर्यंत पास झालेली टेस्टसुद्धा ‘फेल्युअर’ असर्ट करून, म्हणजे मुद्दाम अपयशाचा एरर उठवून, थांबवायचे.

रात्रीच्या बॅचमध्ये $स्टॉप (रन न संपवता मध्येच थांबवणारी आज्ञा) ठेवू नका. आमच्याकडे ते प्रॉम्प्टवर बसून राहतं आणि सकाळपर्यंत लायसन्स अडकतं.