दहा प्रतींची डमी हवी असेल तर या दुकानात जा

कॉलेजच्या मासिकाची किंवा अंकाची कल्पना कुणापुढे मांडायची असेल, तर आधी तिची छापील डमी, म्हणजे नमुना अंक, काढा. आणि कोल्हापुरात असाल, तर राजारामपुरीतल्या या डिजिटल प्रिंटच्या दुकानात काढा. धातूच्या प्लेटवरून छापणारे ऑफसेटवाले पाचशे-हजार प्रतींच्या खाली सहसा बोलत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, प्लेटचा खर्च 10 प्रतींवर बसवला तर एक प्रत कुणालाच परवडायची नाही. इथे प्लेटचा प्रश्नच नसल्यामुळे 10 म्हटलं की 10 मिळतात. आमची 16 पानांची A5 डमी, आत कृष्णधवल आणि वर रंगीत कव्हर, प्रत साधारण 70 रुपयांना पडली.

आमची कल्पना अशी: मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावर रोज अप-डाऊन करणाऱ्या विद्यार्थ्यांचं मासिक. कॉलेजचा वार्षिक अंक असतोच, पण त्यात मनोगतं, अहवाल आणि बक्षीस समारंभाचे फोटो. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडीहून येणारी मुलं दिवसाचा केवढा वेळ गाडीत काढतात, त्यांचं जगणं कुठे छापून येत नाही. वाङ्मय मंडळापुढे हे आम्ही आधी स्लाइड लावून मांडलं होतं. सगळे म्हणाले, "छान आहे, करा." यापुढे कुणी एक शब्द बोललं नाही. मराठीच्या सरांनीच सुचवलं की काहीतरी हातात द्या, मग मुलं बोलतील.

म्हणून या दुकानात आलो. संगणकावर बसणारे दादा फाइल उघडून नुसती प्रिंट मारत नाहीत, ती वाचतात. आमचा मजकूर 14 पानांचा होता. मधोमध पिन मारायच्या अंकात पानं 4च्या पटीत लागतात, म्हणजे 2 पानं उरत होती. मी तिथे जाहिरातीची जागा सोडू म्हटलं. दादा म्हणाले, "ताई, डमीला कोण जाहिरात देणार? रेघा मारून मोकळी सोडा. वाचणाऱ्याला पेन्सिल द्या, लिहू देत काय लिहायचं ते." दुकानाकडून मला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही. छपाईच्या बिलात तिचा कुठे उल्लेख नाही.

अक्षराचा आकारही त्यांनी असाच पाहायला लावला. मुक्ता फॉन्टमध्ये 10 पॉइंटला पडद्यावर सगळं सुबक दिसत होतं. त्यांनी एकच परिच्छेद 10, 11 आणि 12 पॉइंटमध्ये एका कागदावर छापला आणि सांगितलं, "हा घेऊन गाडीत बसा, मग ठरवा." हलत्या डब्यात, संध्याकाळच्या उजेडात 10 पॉइंटची वेलांटी आणि रफार शोधावे लागतात. समोर बसलेल्या मावशींनी कागद लांब धरून पाहिला आणि निकाल दिला, "लई बारीक हाय बाई." अंक 12 पॉइंटमध्ये छापला.

मग प्रती वाटल्या. काही वर्गात, काही सकाळच्या गाडीत, प्रत्येकीबरोबर पेन्सिल. आवडलं का, असं कुणालाही विचारायचं नाही हे आम्ही ठरवलं होतं, कारण त्याला उत्तर एकच येतं. कोण कुठलं पान आधी उघडतं आणि कुठे थांबतं, तेवढं शेजारी बसून बघायचं. कवितांची दोन पानं बहुतेकांनी पटकन उलटली. 2019च्या महापुरात गाड्या बंद पडल्यावर मुलांनी परीक्षेचे दिवस कसे काढले, तो लेख मात्र दोघा-दोघांनी मिळून वाचला आणि वाचता वाचता स्वतःच्या गावची हकीकत सांगायला सुरुवात केली. तीन मुलांनी तर मोकळ्या पानावर ती लिहूनच काढली. पुढच्या अंकाचा मजकूर आम्हाला तिथेच मिळाला.

उपयोगाची सूचना हातकणंगलेला उतरणाऱ्या एका मुलाची. उतरेपर्यंत त्याची कथा अर्धीच वाचून झाली होती. त्याने लिहिलं की प्रत्येक मजकुरावर स्टेशन टाका, कोल्हापुरातून बसलं तर हे वळिवडेपर्यंत होईल, हे रुकडीपर्यंत, हे थेट जयसिंगपूरपर्यंत. आम्ही चौघांनी डोकं लढवूनही हे आम्हाला सुचलं नसतं, कारण आमच्यातलं कुणीच हातकणंगलेला उतरत नाही. आणि एका मुलीने दोनच ओळी लिहिल्या होत्या: सगळे लेख मुलांचे आहेत, हिवाळ्यात संध्याकाळच्या गाडीने उतरून अंधारात घरी चालत जाणाऱ्या मुलींचं यात काही नाही. ते वाचून आम्ही दुसऱ्या अंकाचा मुख्य लेख बदलला. आता तो तिने आणि तिच्या मैत्रिणींनी लिहायला घेतला आहे.

सगळंच ऐकलं असं नाही. प्रत्येक लेखाखाली क्यूआर कोड द्या, व्हिडिओ टाका, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. ते नाकारलं. तासाभरासाठी हातातला फोन खिशात जावा म्हणून तर हा कागदाचा खटाटोप आहे, आणि त्यावर मी ठाम आहे. मंडळापुढे दुसऱ्यांदा मांडणी केली तेव्हा स्लाइड लावल्याच नाहीत. पेन्सिलीने भरलेल्या प्रती टेबलावर ठेवल्या. या वेळी प्रश्न आले: दर महिन्याला कोण लिहिणार, परीक्षेच्या काळात अंक कसा निघणार, एप्रिलनंतर काय? असे प्रश्न यायला लागले की समोरच्यांनी कल्पना मनावर घेतली असं समजावं. तीन अंकांचा खर्च मंजूर झाला.

आता दुकानाच्या उणिवा. पहिल्या खेपेला 250 जीएसएमच्या (जाड कागदाच्या) कव्हरवर घडीच्या रेषेत रंग तडकला आणि पांढरी रेघ दिसायला लागली. जाड कागदावर टोनरची, म्हणजे पावडर शाईची, छपाई असली की घडी घालण्याआधी क्रीझिंग करावं लागतं, म्हणजे घडीच्या जागी कागद दाबून रेघ पाडावी लागते, ते राहिलं होतं. दाखवल्यावर त्यांनी वाद न घालता कव्हरं नव्याने छापून दिली, पण आपण होऊन आधी विचारलेलं बरं. लग्नसराईत पत्रिकांची एवढी गर्दी असते की आज देतो म्हटलेलं काम परवावर जातं. दुकानात बसायला जागा नाही, फाटकापाशी उभं राहूनच प्रूफ तपासावं लागतं.

जाताना काही गोष्टी सांभाळा. फाइल पीडीएफ करून, फॉन्ट त्यातच बसवून (एम्बेड करून) न्या, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साध्या पद्धतीने पाठवले की त्यांचा दर्जा खालावतो. निळा आणि भगवा पडद्यावर जितके झळकतात तितके कागदावर येत नाहीत, तेव्हा कव्हरचं एक प्रूफ आधी काढायला सांगा, ते आनंदाने काढून देतात. कडेपर्यंत रंग हवा असेल तर चारही बाजूंनी 3 मिलिमीटर जास्तीचं चित्र ठेवा. आणि शक्यतो दुपारी तीनच्या सुमाराला जा. तेव्हा दादांना तुमचा मजकूर वाचायला सवड असते.