कॅपुचिनो की लाटे?

दोन्हींचा पाया एकच, एस्प्रेसो. बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण ९ बार (हवेच्या दाबाच्या जवळपास नऊपट) दाबाने गरम पाणी २५-३० सेकंदांत आरपार जातं आणि कपात जेमतेम ३० मिलिलिटर दाट अर्क उतरतो. खरा फरक पडतो तो दुधामुळे.

कॅपुचिनोचा कप लहान, १५०-१८० मिलिलिटरचा. वर बोटभर जाडीचा फेस. चमच्याने तो बाजूला सारला की खड्डा क्षणभर तसाच राहतो, मग हळूच भरून येतो. पहिल्याच घोटाला ओठावर पांढरी मिशी उमटते आणि फेसाखालची कॉफी चांगली कडक लागते.

लाटेत दूध जास्त, फेसाचा थर पातळ. त्यामुळे चव सौम्य, किंचित गोडसर. ती मोठ्या कपात किंवा उंच काचेच्या ग्लासात देतात.

माझं मत कॅपुचिनोला. मात्र ती लगेच प्यावी. फेस बसला की मजा गेली. गप्पा लांबणार असतील तर लाटेच बरी. आणि हो, इटलीत नुसतं ‘लाटे’ मागितलंत तर समोर दुधाचा ग्लास येईल. तिथे ‘काफे लाटे’ म्हणायचं.