डाळ न शिजणाऱ्या पाण्यात दाढी: आठ महिन्यांनंतर

मंगळवारी सकाळी रेझर मोडला. पडला नाही, आपटला नाही. ब्लेड बदलून दांडा आवळत होतो, तर कट् आवाज झाला आणि ब्लेडवरच्या टोपीचा आट्यांचा खिळा तुटून दांड्यातच राहिला. एक गाल झालेला, दुसऱ्याला फेस. राग थोडा निवल्यावर लिहायला बसलोय. पूर्ण निवलेला नाही.

कंपनीचं नाव घेत नाही. साडेआठशेचा, तीन तुकड्यांचा, क्रोमचा मुलामा दिलेला दुधारी रेझर. आत जस्ताचा मिश्रधातू, झामॅक म्हणतात तो. हातात वजनदार लागतो म्हणून आपल्याला वाटतं पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. पण तो खिळाही त्याच धातूचा ओतीव असतो. मुलाम्याला बारीक चीर गेली की आत पाणी शिरतं, धातू भुसभुशीत होतो, आणि वरून आपण तो जीव खाऊन आवळतो. फोन लावला तर पोरगा विचारतो, "सर, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का?" दाढीच्या रेझरचं खोकं उघडताना मी व्हिडिओ काढला असता तर घरच्यांनी मला डॉक्टरकडं नेलं असतं. मग कळलं की वॉरंटी मुलाम्याची आहे, मोडण्याची नाही. मुलामा वरून चकचकीत, म्हणून तक्रार बाद. तीन मेल, दोन फोन, हाती काही नाही.

शेवटी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडं गेलो. त्यानं मोडका तुकडा कोरून काढला आणि टोपीला पाच एमएमचा स्टीलचा खिळा बसवला. ऐंशी रुपये. "आता दांडा झिजंल सर, ह्यो नाही झिजायचा," म्हणाला. आज सकाळी त्याच रेझरनं दाढी केली. कंपनीपेक्षा हा माणूस बरा.

असो. रेझरबद्दल लिहावं एवढंच आहे. खरं लिहायचंय ते फेसाबद्दल.

माझी कातडी नाजूक. कार्ट्रिजनं, म्हणजे अनेक पात्यांच्या बदलायच्या डोक्यानं, रोज दाढी केली की गळ्यावर लाल पुळ्या, दोन-चार केस आतल्या आत वळलेले, शर्टाची कॉलर लागली तरी आग. एकामागं एक बसवलेली पाती केस किंचित ओढून कातडीच्या खालून कापतात आणि वळणाचा केस मग बाहेर यायची वाट चुकतो. शिवाय एक कार्ट्रिज मला पावणेदोनशेला पडायचं, आणि ते मी महिना-महिना ओढायचो. पुळ्यांना पाती जबाबदार की माझा चिकटपणा, हे अजून नक्की सांगता येत नाही. दुधारी ब्लेड मला चार रुपयाला पडतं, पाच दाढ्या निघतात, म्हणजे महिन्याला चोवीस रुपये. जिलेटला या रेझरचं अमेरिकेतलं पेटंट 1904 साली मिळालं, आणि आजही कुठल्याही कंपनीचं ब्लेड कुठल्याही दुधारी रेझरात बसतं. चार्जरच्या पिना दर दोन वर्षांनी बदलणाऱ्यांनी हे बघावं.

तर ऑक्टोबरात रेझर, साडेचारशेचा ब्रश आणि तीनशे ऐंशीचा हातानं बनवलेला साबण मागवला. साबणाबद्दल लोकांनी लिहिलेलं की दह्यासारखा फेस येतो. मला आला ताकासारखा, तोही पाणी घातलेल्या. घोट घोट घोटला. वाटीच्या कडेला पांढरट कचरा, गालावर बुडबुडे, आणि ब्लेड लागेस्तोवर ते बुडबुडेही गायब. कोरड्या कातडीवर ब्लेड खरवडत होतं. पुळ्या कमी व्हायच्या सोडून वाढल्या. साबण जास्त घ्यावा म्हणून जास्त घेत गेलो आणि शंभर ग्रॅमची वडी तीन महिन्यांत उडाली. मी साबणाला दोन तारे दिले आणि 'फसवणूक' हा शब्दही वापरला. तो शब्द आता मागं घेतो.

झालं असं की वेळ अमावस्येला, म्हणजे शेतात पूजा करून तिथंच जेवायच्या आमच्याकडच्या सणाला, गावी गेलो. सकाळी शेतात जायच्या आधी अण्णांच्या आरशासमोर दाढीला बसलो. पाणी विहिरीचं, पाझर तलावाच्या खालच्या अंगाची उथळ विहीर आहे आमची. तोच ब्रश, वडीचा तोच उरलेला चतकोर. वाटीत ब्रश फिरवला आणि फेस वाटीबाहेर आला. अण्णा आंबिलाचं बघत होते, म्हणाले, "काय म्हशीची धार काढायलास का?" त्या दिवशी गळ्याला आग नाही, काही नाही. सणाची भज्जी (तळलेली नव्हे, मिसळीची भाजी) खाताना मी गळाच चाचपत होतो.

लातूरला परत आल्यावर बायकोला हा चमत्कार सांगितला. तिनं कुकरचं झाकण लावता लावता म्हटलं, "अहो, ज्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, त्यात तुमच्या साबणाला कुठून फेस यायचा?"

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बावीस वर्षं पोरांना पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजायला लावतोय. इडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणारं रसायन), तो काळा दर्शक, लालसर रंग जाऊन निळा आला की थांबा. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात. दुष्फेन! फेस बिघडवणारं, असं शब्दातच लिहिलेलं. आणि मी अडीच महिने साबणाला शिव्या देत होतो.

दुसऱ्या दिवशी बाटल्या भरून नेल्या. कठीणता आमच्या बोअरची लिटरला 740 मिलिग्रॅम, गावच्या विहिरीची 210, घरातल्या आरओ फिल्टरच्या पाण्याची 30. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात 200 ही चांगली मर्यादा आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. आमचं त्याच्याही वर. साबण म्हणजे चरबीच्या आम्लांचे सोडियम-पोटॅशियमचे क्षार. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यांना धरतं आणि न विरघळणारा चिकट साका करतं. वाटीच्या कडेचा कचरा म्हणजे माझे तीनशे ऐंशी रुपये. उरला सुरला साबण फेस करणार. बाजारातल्या काही साबणांत इडीटीएच घातलेलं असतं, म्हणून ते अशा पाण्यातही थोडेफार फेसाळतात. हाताच्या साबणवाल्यानं नव्हतं घातलं, त्याचा काय दोष?

मग सुरू झाले प्रयोग. उकळून बघितलं: 740 चं 560 झालं. तळाला पांढरी खपली बसते ती तेवढीच, बाकीची कठीणता उकळून जात नाही. धुण्याचा सोडा चिमूटभर टाकला: फेस आला, पण गाल दिवसभर तापले. नाजूक कातडीवाल्यानं हे करू नये, मी केलं, पुरे. आणि सगळ्यात मोठा गाढवपणा तुरटीचा. लहानपणी पावसाळ्यात घागरीत तुरटी फिरवायचे तेव्हा पाणी निवळायचं, ते डोक्यात. दाढीच्या मगात तुरटी फिरवली तर होता तोही फेस फाटला. तुरटीनं गाळ बसतो, कॅल्शियम जात नाही, आणि तुरटीतलं अॅल्युमिनियम साबणाला आणखी फाडतं. तुरटीचा ओला हात ब्रशला लावू नका, एवढं लक्षात ठेवा.

दाढीनंतर मात्र तुरटी हवीच. गालावर फिरवली की जिथं झोंबेल तिथं हात जड पडला समजायचं. अर्ध्या मिनिटानं धुऊन टाका, नाहीतर कातडी ओढल्यासारखी होते. आमचा न्हावी ब्लेड मधून मोडून अर्धं लावतो, तोही मला म्हणाला होता, "सर, गळ्याला उलटा हात मारू नका, तुमची कातडी लई नाजूक." तेव्हा वाटलं काम वाचवतोय. डिसेंबरपासून गळ्याला फक्त सुलटा हात. गुळगुळीत होत नाही, पण पुळ्याही नाहीत.

आता रोज फिल्टरचं पाणी वापरतो. मोजलंय: ब्रश भिजवायला, फेसाला आणि शेवटच्या धुण्याला मिळून साडेतीनशे मिली. शेवटचं धुणंही त्याच पाण्यानं, कारण कातडीवर उरलेल्या साबणाला बोअरचं पाणी लागलं की तोच साका छिद्रांत बसतो. दुसरी वडी जानेवारीत काढली, अजून चतकोर शिल्लक आहे. गळा साफ आहे. साबणाला आता साडेचार तारे. अर्धा वासाचा कापला, चंदन म्हणून जे घातलंय ते उदबत्तीचं दुकान आहे.

घरात मात्र शांतता नाही. नळाला आठवड्यानं पाणी येतं, फिल्टर जेवढं देतो त्याहून जास्त मोरीत सोडतो, आणि 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली त्या गावात हा गृहस्थ पिण्याच्या पाण्यानं दाढी करतो, हे बायको पाहुण्यांना सांगते. सोडलेलं पाणी मी बादलीत धरतो आणि फरशीला वापरतो, हे सांगत नाही. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही मऊ असतं, कॉलेजात मोजलं होतं. पण आतली जाळी किती कळकट असते ते बघितल्यावर ते तोंडाला लावायची इच्छा उरली नाही.

काल वळीव आला. पहिल्या सरीत पत्र्यावरची धूळ येते म्हणून ते जाऊ दिलं, दुसऱ्या सरीला पन्हाळीखाली दोन घागरी लावल्या. एक भरली, दुसरी निम्मी. भरलेली डाळीला, असं ठरलंय.