१२१० च्या चाकांचे चौदा महिने: नायलॉन, रेडियल आणि ट्यूबलेस

आमच्या घरी १९७२ सालचा, लांब नाकाचा टाटा १२१० ट्रक आहे. वडिलांनी तो कराडहून गूळ आणि नंतर सिमेंट वाहण्यासाठी घेतला होता. धंदा केव्हाच बंद झाला, पण ट्रक विकला नाही. आता तो महिन्यातून दोन-तीन वेळा, बहुधा रिकामाच, बाहेर निघतो आणि वर्षातून एकदा फिटनेससाठी जातो. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी डायमलर-बेंझ यांचा १९५४ साली झालेला करार १९६९ मध्ये संपला, त्यामुळे आमच्या ट्रकच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा नसून टाटांचा ‘टी’ आहे. एका हितचिंतकाने शोभेसाठी तारा बसवण्याचा सल्ला दिला होता, तो मी मानला नाही. मूळपणाबाबत मी इतका काटेकोर असूनही चाके बदलली. ती का बदलली आणि त्यातून काय मिळाले, हे चौदा महिन्यांच्या वापरानंतर लिहीत आहे.

मूळ मांडणी अशी होती: ९.००-२० आकाराचे (शेवटचा आकडा डिस्कचा इंचांतला व्यास) नायलॉन टायर, म्हणजे आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदणारे असलेले जुन्या पद्धतीचे टायर, आत ट्यूब आणि तिला डिस्कपासून वाचवणारी फ्लॅप ही रबरी पट्टी, आणि टायर जागेवर धरून ठेवणारी, सुटी निघणारी लॉक रिंग असलेली सपाट बुडाची डिस्क, म्हणजे टायर ज्यावर बसतो तो चाकाचा लोखंडी भाग. मी बदल दोन टप्प्यांत केला. पहिले पाच महिने जुन्याच डिस्कवर त्याच आकाराचे रेडियल टायर (यांचे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात) ट्यूबसह वापरले आणि नंतरचे नऊ महिने एकसंध ट्यूबलेस डिस्कवर १०आर२२.५ टायर वापरले. हा क्रम पैशाच्या अडचणीमुळे ठरला, पण त्याचा फायदा असा झाला की कोणता गुण टायरचा आणि कोणता डिस्कचा, हे मला वेगवेगळे पाहता आले.

चालवणाऱ्याला जाणवणारा जवळजवळ सगळा फरक रेडियल टायरने घडवला, डिस्कने नाही. नायलॉन टायरवर ट्रक तीन-चार आठवडे एका जागी उभा राहिला की जमिनीला टेकलेला भाग चपटा होत असे आणि निघाल्यानंतर पहिले काही किलोमीटर स्टीअरिंगवर धडधड बसत असे. जो ट्रक चालण्यापेक्षा जास्त वेळ उभाच असतो त्याच्यासाठी ही मोठी कटकट आहे. रेडियल बसवल्यावर ती पहिल्याच फेरीत गेली. जुन्या रस्त्यावर अवजड वाहनांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत नायलॉन टायर आपोआप ओढला जातो आणि चालकाला सतत हात मारावा लागतो, तेही पुष्कळ कमी झाले. कुंभार्ली घाट उतरताना वळणात पुढचे टोक पूर्वीपेक्षा आधी आणि खात्रीने वळते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या ट्रकला पॉवर स्टीअरिंग नाही आणि उभ्या ट्रकचे चाक फिरवणे रेडियलवर निश्चितच जड झाले आहे. अंगणात ट्रक वळवून लावताना माझा चुलतभाऊ अजूनही मला दोन शब्द सुनावतो. शिवाय रेडियलची बाजू नायलॉनपेक्षा नाजूक असते. उसाच्या शेताच्या कच्च्या वाटेवर एका टोकदार दगडाने आमच्या टायरची बाजू चिरली. तिथे जाड बाजूचा नायलॉन टायर बहुधा तगला असता, त्यामुळे ज्यांचा जुना ट्रक अजूनही शेतात किंवा खाणीत उतरतो त्यांनी घाई करू नये.

रेडियलची बाजू खाली थोडी फुगलेली दिसते, म्हणून पहिल्या महिन्यात वाटेत भेटणारा प्रत्येक जण ‘हवा कमी आहे’ असे सांगून जात असे. गेज जवळ ठेवावे आणि त्याच्यावरच विश्वास ठेवावा.

टायरने एवढे काम केले असताना डिस्क बदलण्याचे कारण पंक्चरच्या दुकानात मिळाले. मागे प्रत्येक बाजूला दोन चाकांची जोडी असते. पाचव्या महिन्यात त्यातल्या एका जोडीतला आतला टायर बसला. चाक उघडल्यावर दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी रिंग हातात फिरवून पाहिली, डिस्कच्या खाचेत बोट घातले, बोटाबरोबर गंजाचा पापुद्रा बाहेर आला आणि ते म्हणाले, “मालक, ही रिंग ह्या डिस्कची नाही.” पन्नास वर्षांत केव्हातरी, कोणत्यातरी थांब्यावर, रिंगांची अदलाबदल झाली होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. अशा टायरमध्ये शंभर पीएसआयच्या आसपास हवा असते आणि रिंगेवर काही टनांचा रेटा असतो. खाच गंजलेली असेल, रिंग वाकलेली किंवा दुसऱ्या डिस्कची असेल, किंवा हवा भरताना कोणी ती घणाने ठोकून बसवू पाहील, तर ती सुटून माणसाचा जीव घेऊ शकते. त्या दुकानात हवा भरताना चाक ठेवायचा, सुटलेली रिंग अडवणारा पिंजरा नव्हता आणि हवा भरणारा मुलगा रिंगेसमोरच बसत असे. त्या दिवशी मी चाक तसेच परत आणले.

ट्यूबलेस डिस्क एकसंध असते आणि तिला सुटणारी रिंगच नसते, म्हणून तिचा खरा लाभ पंक्चर काढणाऱ्याला होतो. चालकाला मिळाले ते थोडे: ट्यूब, फ्लॅप आणि रिंग गेल्याने चाक हलके झाले, आणि खिळा घुसल्यावर हवा हळूहळू जात असल्याने गावापर्यंत पोहोचता येते. केवळ आरामासाठी कोणी डिस्क बदलणार असेल, तर ते पैसे वाया जातील असे मी सांगेन.

आकाराबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात. ९.००-२० ला समतुल्य ट्यूबलेस आकार १०आर२२.५ हा आहे. दोन्हींची बाहेरची उंची जवळपास सारखीच भरते, त्यामुळे वेगदर्शक आणि गिअरिंग यांवर परिणाम होत नाही. आकडा मोठा दिसतो म्हणून ट्रक उंच होईल, ही समजूत चुकीची आहे. वाढते ती डिस्क, चारी बाजूंनी सव्वा इंच, आणि तेवढेच रबर कमी होते. बोल्टांचे वर्तुळ आणि मधले भोक जुळले म्हणजे झाले, असे दुकानदार सांगतात, पण मागच्या जोडीसाठी डिस्कचा ऑफसेट, म्हणजे बोल्ट बसण्याची जागा डिस्कच्या मध्यापासून किती बाजूला आहे ते अंतर, तितकाच महत्त्वाचा असतो. मला आधी दिलेल्या डिस्कवर आतल्या आणि बाहेरच्या टायरमध्ये बोट जेमतेम शिरत होते. रिकाम्या ट्रकला ते खपले असते, पण ओझ्याखाली दोन्ही टायर एकमेकांना घासले असते. दुकानदाराने बरीच कुरकुर करून त्या बदलून दिल्या. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला लांब नळी जोडून घ्यावी, नाहीतर हवा तपासण्याचा कंटाळा येतो. हा आकार सगळीकडे तयार मिळत नाही, मला तीन आठवडे वाट पाहावी लागली. टायर घेताना त्यावरचा आठवडा आणि वर्ष सांगणारा चार आकडी अंक वाचावा, कारण आपल्या वापरात टायर झिजण्याआधी म्हातारा होतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. म्हणून उंची आणि भारक्षमता यांचा समतुल्य तक्ता घेऊन आधी परिवहन कार्यालयात विचारले आणि मगच पैसे भरले.

दिसण्याबाबत माझे समाधान झालेले नाही, हे कबूल करतो. लांब नाकाच्या ट्रकला जाड रबर आणि लहान, खोल डिस्क शोभते. नव्या डिस्कवर तो समोरून दहा-पंधरा वर्षांनी तरुण, पण कोणा दुसऱ्याचा वाटतो. म्हणून जुन्या सातही डिस्क वाळूच्या फवाऱ्याने साफ करून तपासल्या. दोन डिस्कच्या खाचा गेलेल्या होत्या. त्या कोणी पुन्हा वापरू नयेत म्हणून गॅसने कापून मगच भंगारात दिल्या. उरलेल्या पाच रंगवून ठेवल्या आहेत आणि प्रत्येकीची रिंग तिलाच तारेने बांधली आहे. प्रदर्शन असेल तेव्हा पुढच्या दोन चाकांना त्यांतल्या दोन डिस्क, पहिल्या टप्प्यातले रेडियल टायर चढवून लावतो. मागे ट्यूबलेस तसेच राहतात, कारण जोडीत दोन प्रकारचे टायर मला चालवायचे नाहीत. या दोन चाकांत हवा भरायला मी लोखंडी पिंजरा बनवून घेतला आहे आणि आता मिस्त्रीही आपल्या गिऱ्हाइकांची रिंगेची चाके त्यात भरण्यासाठी आमच्या शेडमध्ये पाठवतात.