पायलॉनच्या डोक्यावर सॅडल की अँकर बॉक्स?

केबल-स्टेड पुलाचा पायलॉन, म्हणजे तिरप्या केबलींनी पूल तोलून धरणारा मनोरा, सडपातळ ठेवायचा असला की सॅडल खुणावतेच. केबल एका बाजूने चढते, सॅडलमधून, म्हणजे पायलॉनमधल्या वाकलेल्या मार्गातून, वळून दुसऱ्या बाजूला उतरते. वर केबलचे टोक अडकवणारा अँकर नाही, केबल ओढणारा जॅक लावायला पोकळी नाही. फ्रान्सचा ब्रोटोन पूल (१९७७) आणि फ्लोरिडाचा सनशाइन स्कायवे (१९८७) असेच बांधले. जपानमधल्या ओडावाराच्या एक्स्ट्राडोज्ड (बुटक्या पायलॉनच्या) पुलावरही (१९९४) सॅडलच आहे आणि पायलॉन इतका बुटका असेल तर मीही बहुधा तीच घेईन.

उंच पायलॉनवर मात्र माझे मन एका कटकटीमुळे सॅडलवरून उडाले: आवरण सोलणे.

स्ट्रँड, म्हणजे केबलमधला पोलादी तारांचा दोर, घर्षणाने धरला जावा म्हणून सॅडलपुरते पॉलिथिनचे आवरण काढतात आणि सोललेला भाग पाणी अडवणाऱ्या सीलच्या आतच संपावा लागतो. तन्यताक्षमतेच्या ४५ टक्के ताणावर १२० मीटरचा स्ट्रँड जवळपास अर्धा मीटर लांबतो. दोन टोकांपैकी एक जॅक पुढे गेला, की घर्षण सुटते, स्ट्रँड सरकतो आणि उघडे पोलाद सीलबाहेर येते. त्यात पॉलिथिन तापमानाने पोलादाच्या दहापटीहून जास्त वाढते-आकसते, त्यामुळे थंडीत सोललेली कड मागे सरते. पाणी शिरते ते तिथूनच, आणि तिथे नजर पोहोचत नाही. सॅडलच घ्यायची तर आधी दोन्हीकडची ढील काढा, मग ठरलेल्या टप्प्यांनी ओढा. प्रत्येक टप्प्याला दोन्ही टोकांची लांबण जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. ४ मीटर त्रिज्येवर ५ मिलिमीटरच्या तारेत वाकण्याचा ताण १२० मेगापास्कलच्या आसपास येतो, तोही हिशेबात धरा.

अँकर बॉक्स, म्हणजे प्रत्येक बाजूच्या केबलचे टोक पायलॉनमध्येच अडकवणारी पेटी, जड आणि महाग. पायलॉनमध्ये माणूस आणि जॅक मावेल एवढी पोकळी ठेवावी लागते, मोठी क्रेनही लागते. नॉर्मंडीच्या पुलाने (१९९५) हा खर्च पत्करला. खरी काळजी केबल अँकरपर्यंत नेणाऱ्या गाईड पाइपची: कोन सरळ रेषेचा नव्हे, केबलच्या झोळासकट अँकरपाशी येणाऱ्या स्पर्शरेषेचा घ्या. अर्धा अंश चुकला तर ४ मीटरच्या पाइपच्या तोंडाशी ३५ मिलिमीटरचा फरक पडतो आणि केबल कडेला घासते.

पण ही चूक केबल ओढण्याआधी टोटल स्टेशनवर (कोन-अंतर मोजणाऱ्या यंत्रावर) दिसते, तेव्हाच सुधारता येते. पुढे एखादा स्ट्रँड बदलायचा झाला, तर त्याच बाजूची वेज, म्हणजे स्ट्रँड पकडणारी पाचर, सोडवायची. पलीकडच्या गाळ्याच्या केबलला हात लावावा लागत नाही.