स्टिकर ९,९९० चा, ट्रेलर ७,००० चा

अमेरिकेत वाळूत नि डोंगरात साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी बसायच्या छोट्या ऑफ-रोड गाड्या पळवायचा नाद लागलेली आपली बरीच मंडळी आहेत. उघड्या ट्रेलरवर गाडी नेली की पाऊस, धूळ आणि मोटेलच्या पार्किंगमधले चोर यांची धास्ती असते. म्हणून आज ना उद्या सगळे बंद ट्रेलर शोधायला लागतात. तुम्ही त्या वाटेवर असाल, तर मला कसं गंडवलं ते आधी वाचा.

मला अटलांटाहून टेनेसीतल्या विंडरॉक या ऑफ-रोड पार्कला दोन गाड्या न्यायच्या होत्या, एक चार सीटची आणि एक दोन सीटची. दोन्ही एकापाठोपाठ मावायच्या तर साडेआठ बाय चोवीस फुटांचा ट्रेलर लागतो. जॉर्जियाच्या दक्षिण भागात असे ट्रेलर बनवणारे कारखाने पुष्कळ आहेत, त्यामुळे विक्रेतेही जागोजागी भेटतात. त्यातल्या एकाच्या आवारात हवा तसा ट्रेलर उभा होता. "२०२३ चा, नवा कोरा, ५,२०० पाउंड पेलणारे दोन ॲक्सल," असं तो म्हणाला. डाव्या बाजूला पुढच्या भागात, जिथे कायद्याने असायला हवा तिथेच, स्टिकर होता: जास्तीत जास्त एकूण वजन ९,९९० पाउंड. हा आकडा ओळखीचा वाटतो, कारण १०,००० पाउंडांच्या पुढे नियम कडक होतात आणि कारखाने मुद्दाम दहा पाउंड खाली थांबतात. खोटा स्टिकर छापणाऱ्याला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

३,५०० पाउंडांच्या दोन ॲक्सलवाला, म्हणजे एकूण ७,००० चा, तसाच ट्रेलर शेजारी दीड हजार डॉलर स्वस्त होता. तो वरचा दीड हजार मी ॲक्सलसाठीच मोजला. कागद मागितले तर उत्तर आलं, "मूळ प्रमाणपत्र कारखान्याकडून थेट तुमच्या घरी पोस्टाने येतं, सगळ्यांचं तसंच येतं." बोलायला इतका गोड, की जाताना पाण्याच्या बाटल्याही गाडीत ठेवल्या.

आय-७५ वर चॅटनुगाच्या अलीकडे मागचं टायर फुटलं. मदतीला आलेला टायरवाला वाकला, चाकाकडे पाहिलं आणि विचारलं, "हा दहा हजार पाउंडांचा ट्रेलर आहे असं कोणी सांगितलं?" मी स्टिकर दाखवला. तो हसला. म्हणाला, चाकाचे नट मोज. पाच होते. ३,५०० पाउंडांच्या ॲक्सलला साधारणपणे पाच नट असतात आणि ५,२०० च्या ॲक्सलला सहा. ब्रेकचे ड्रमही वेगळे, लहान ॲक्सलला दहा इंची आणि मोठ्याला बारा इंची. ॲक्सलची नळी लहानात अडीच इंचांच्याही आत असते, मोठ्यात तीन इंचांची. यातलं काहीही पाहायला परवाना लागत नाही, खाली वाकावं लागतं एवढंच. टायरही ३,५०० वाल्या ट्रेलरचेच निघाले. लोड रेंज सी, म्हणजे प्रत्येकी १,८२० पाउंड आणि तेही हवा पूर्ण ५० पीएसआय असेल तरच. टायरच्या बाजूला डीओटीपुढे येणाऱ्या आकड्यांतले शेवटचे चार म्हणजे तो तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष. 'नव्या कोऱ्या २०२३' च्या ट्रेलरवर २०२१ चे टायर होते.

मग व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, पाहिला. सतरा अक्षरांतलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं: एम म्हणजे २०२१, एन म्हणजे २०२२, पी म्हणजे २०२३. माझ्या ट्रेलरवर एम होता. दोन वर्षं कुणाच्या तरी आवारात ऊन खात पडलेला माल मला ताजा म्हणून विकला होता. पुढे पोस्टाने प्रमाणपत्र आलं, त्यावर सरळ ७,००० छापलं होतं. हे कागद पैसे देण्याआधी का दाखवत नाहीत, ते आता वेगळं सांगायला नको.

विंडरॉक राहिलंच. दोन्ही गाड्या मित्राच्या घरी उतरवल्या आणि रिकामा ट्रेलर हायवेवरच्या ट्रक स्टॉपच्या काट्यावर चढवला. रिकामं वजन ३,९०० भरलं. सांगितलं होतं ३,२००. आता हिशेब बघा. ७,००० वजा ३,९०० म्हणजे ३,१०० उरले. माझ्या दोन गाड्यांचंच वजन ३,३०० च्या आसपास आहे. म्हणजे पेट्रोलचे कॅन, स्टेपनी, हत्यारं, पाणी यातलं काहीही चढवण्याआधीच ट्रेलर ओव्हरलोड. आपल्याकडे मालट्रकच्या अंगावर यूएलडब्ल्यू (रिकामं वजन) आणि आरएलडब्ल्यू (मालासकट वजन) रंगवलेलं असतं, आपण लहानपणापासून ते वाचत आलो. इथल्या चकचकीत ट्रेलरपुढे मात्र रिकामं वजन किती हे विचारायचं कुणाला सुचत नाही. विकत घेण्याआधी विक्रेत्याला सांगा, काट्यावर नेऊ. नाही म्हणाला तर आपल्या घरी या.

बाकीच्या लबाड्या घरी आल्यावर एकेक दिसत गेल्या. मजल्याखालचे लोखंडी आडवे बीम सोळा इंचांवर आहेत असं सांगितलं होतं, मोजले तर चोवीस इंचांवर. आत मजल्यावरच्या स्क्रूच्या ओळी मोजल्या तरी हे कळतं. गाडी बांधायच्या कड्या नुसत्या प्लायवूडमध्ये स्क्रूने ठोकलेल्या होत्या. त्या बीममधून आरपार बोल्टने बसवलेल्या हव्यात, नाहीतर कचकन ब्रेक मारल्यावर कडी फळीसकट उखडते आणि गाडी पुढच्या भिंतीवर जाते.

मापांचं वेगळंच. साडेआठ फूट हे बाहेरचं माप. आत दोन्ही बाजूंच्या चाकांच्या पेट्यांमध्ये साधारण ऐंशी-ब्याऐंशी इंच मिळतात. ७२ इंच रुंद गाडी आत जाते खरी, पण मग तिचा दरवाजा उघडायचा कुठे? त्यासाठी चाकाच्या पेटीवर बाजूचं एक मोठं दार देतात, एस्केप डोअर म्हणतात त्याला. माझ्या ट्रेलरला ते नव्हतं. पहिल्या दिवशी मेहुणा गाडीच्या मागून, रोल केजच्या, म्हणजे संरक्षक सांगाड्याच्या, नळ्यांतून सरपटत बाहेर आला आणि वर मलाच म्हणाला, "भावजी, याला दार कुठून आहे तेवढं सांगा." उंचीचंही तेच. आतली उंची सात फूट असली तरी मागच्या रॅम्पच्या चौकटीत ती काही इंचांनी कमी होते, आणि छतावर लाइट बार असलेली गाडी नेमकी तिथे अडते. तेव्हा चौकट मोजायची, आतली खोली नाही.

पैशांचं काय झालं ते सांगतो. विक्रेत्याने 'आहे तसा' लिहिलेल्या कागदावरच्या माझ्या सहीकडे बोट दाखवलं. वकिलाचं म्हणणं, खोटं सांगून केलेल्या विक्रीला ती ओळ वाचवत नाही. जॉर्जियाच्या फेअर बिझनेस प्रॅक्टिसेस ॲक्टखाली दावा करण्याआधी ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि १५,००० डॉलरपर्यंतचे दावे मॅजिस्ट्रेट कोर्टात वकिलाशिवायही चालवता येतात. नोटिशीसोबत मी काट्याची पावती, नटांचे फोटो, व्हीआयएन पाटीचा फोटो आणि त्याची मूळ जाहिरात जोडली. जाहिरात त्याने तोवर काढून टाकली होती, पण माझ्या फोनमध्ये तिचा स्क्रीनशॉट होता. मुदत संपायच्या आत दीड हजाराचा चेक आला. सोबत चिठ्ठी नाही, माफी नाही.

मोठे ॲक्सल बसवून घे, असं दोघातिघांनी सुचवलं. पण ॲक्सल बदलले तरी कारखान्याने ठरवलेलं ७,००० आपोआप वाढत नाही, आणि सांगाडाही तेवढ्याच वजनासाठी बांधलेला असतो. म्हणून ट्रेलर विकायला काढलाय. जाहिरातीत ७,००० लिहिलंय, रिकामं वजन ३,९०० लिहिलंय, पाच नटांचा फोटोही टाकलाय. फोन फारसे येत नाहीत.