शक्तिमान, टाटा की स्टॅलियन? गोव्याच्या पावसात जुना लष्करी ट्रक सांभाळायचा तर

माझ्या मेहुण्याचं वाळपईजवळ कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, आहे. वाटेत दोन ओहोळ, आणि शेवटचा चढ तांबड्या मातीचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत साधी गाडी तिथे पोचत नाही. नारळ, सुपारी, केळीचे घड माणसांच्या डोक्यावरून ओहोळाच्या अलीकडे आणावे लागतात. चवथीला घरी आला तेव्हा मोबाइलवर तीन फोटो दाखवून त्याने विचारलं, "भावोजी, यांतला कुठला घेऊ?" तिन्ही लष्करातून निघालेले फोर बाय फोर, म्हणजे पुढची-मागची सगळी चाकं इंजिनावर फिरणारे, डिझेल ट्रक. एक शक्तिमान, एक टाटा एलपीटीए ७१३ आणि एक अशोक लेलँड स्टॅलियन.

आमच्या घरचे ट्रक खाणीवर चालायचे, त्यामुळे उसगाव-तिस्क भागातल्या गॅरेजांत माझी निम्मी तरुणाई गेली. त्या अनुभवातून एक गोष्ट पक्की सांगतो. ही तिन्ही इंजिनं दणकट आहेत, आणि गोव्यात जुना ट्रक इंजिनामुळे सहसा मरत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात किनाऱ्याकडची खारी हवा. आधी जातो कॅबिनचा पत्रा, मग वायरिंग, मग ॲक्सलमधलं ऑइल. म्हणून कुठला ट्रक जास्त ताकदवान हे विचारूच नका. बिघडला तर तुमच्या तालुक्यात तो कोण उघडेल आणि सुटा भाग किती दिवसांत हातात येईल, हे विचारा.

शक्तिमान दिसायला देखणा. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर तो १९५९ पासून जबलपूरला बनत होता, १९९६ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात तरुण शक्तिमानसुद्धा आज तिशीच्या घरात आहे. त्याचं सगळं काम पान्याने उघडतं, हे त्याचं मोठेपण. पण सुटे भाग नवे मिळत नाहीत, लष्करी भंगाराच्या लॉटमधून शोधून आणावे लागतात. गॅस्केट हाताने कापायचं, बुश लेथवर नमुन्यावरून काढून घ्यायचा. साखळी गावच्या एका मित्राचा शक्तिमान पुढच्या ॲक्सलच्या एका सीलपायी अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली उभा होता. सील आलं तोवर ब्रेक धरून बसले होते आणि स्प्रिंगच्या पाट्यांना गंज चढला होता. आवड म्हणून जपणार असाल, ओळखीचा चांगला लेथवाला असेल, तर जरूर घ्या. अशी गाडी जपणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण रोजच्या नारळांसाठी नको.

टाटाचं पारडं गोव्यात जड आहे, आणि त्याचं कारण खाणी. एलपीटीए ७१३ मध्ये टाटाच्या ६९७ घराण्यातलं टर्बो इंजिन असतं. नावातच हिशोब आहे: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. डिचोली, सांगे, केपे भागांत खनिज ओढणाऱ्या टिपरांच्या पोटात हेच घराणं होतं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे सुरू झाल्या, आणि २०१८ च्या मार्चपासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. कित्येक कुटुंबांचे ट्रक दारात उभ्या उभ्या कुजले, आमचेही त्यातच. त्यातले बरेच भंगारात निघाले. त्यामुळे हेड, पंप, टर्बो, क्लच प्लेट आजही या पट्ट्यात मिळून जातात, आणि पन्नाशीतला कुठलाही मिस्त्री या इंजिनाचं टॅपेट डोळे मिटून लावतो.

इथे एक खाचखळगा आहे, तो विसरू नका. खाणीचे टिपर मागच्या चाकांवर चालायचे. एलपीटीएचा पुढचा चालता ॲक्सल आणि ट्रान्स्फर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा गिअरचा डबा) त्यांच्यात नव्हतेच. म्हणजे इंजिनाच्या बाबतीत तुम्ही घरच्या अंगणात, पण पुढच्या ॲक्सलच्या बाबतीत शक्तिमानवाल्याच्या शेजारीच. ट्रक बघायला गेलात की आवाज ऐकण्यात वेळ घालवण्यापेक्षा पुढच्या चाकांमागे वाकून बघा.

स्टॅलियन या तिघांत सगळ्यात कामाचा गडी. रस्ता सोडूनही पाच टन ओढतो. त्याचं इंजिन जपानी हिनोच्या घराण्यातलं. लेलँडच्या मुलकी ट्रकांतही त्याची भावंडं होती, म्हणून फिल्टर, नोझल, रिंगा यांची फार पंचाईत होत नाही. अडचण दोन गोष्टींची. एक म्हणजे अंग. रुंदीला तो अडीच मीटरच्या आसपास, कुळागराच्या वाटेवर दोन्ही बाजूंच्या पोफळी सोलून काढेल. दुसरी म्हणजे हवा. ब्रेकचं सगळं काम हवेवर, म्हणजे जागोजाग रबराचे पडदे, नळ्या, व्हॉल्व्ह. पंधरा दिवस उभा राहिला की कुठून तरी हवा उतरते. पार्किंग ब्रेक स्प्रिंगचा असेल तर हवा उतरल्यावर तो आपोआप लागतो, आणि ट्रक जागचा हलत नाही. रोज चालणाऱ्या ट्रकला हा त्रास कमी. आठवड्यातून एकदा चालणाऱ्याला फार.

आता पाण्याचं, कारण तिघांनाही तेच मारतं. दोन वर्षांपूर्वी जुलैत मी एका टाटाच्या मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचा, खालचा नट सोडला. काळं, दाट ऑइल यायला हवं होतं. आधी चमचाभर स्वच्छ पाणी आलं, आणि मागोमाग टपरीवरच्या दुधाळ चहाच्या रंगाचं काहीतरी. बोटांवर चोळलं तर वंगणाचा गुळगुळीतपणा नाही, नुसता फेस. ओहोळात चाकं बुडतात तेव्हा तापलेला ॲक्सल एकदम थंड होतो, आतली हवा आकसते. वरचा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं छोटं तोंड, मोकळा असेल तर तो बाहेरची हवा घेतो. आपल्या तांबड्या चिखलाने तो बुजला असेल तर ॲक्सल सीलच्या कडेने पाणीच ओढून घेतो. उपाय स्वस्त आहे: ब्रीदरला रबरी नळी जोडून ती चासीच्या वर, कॅबिनच्या मागे बांधायची. नंतर दर पावसाळ्यात दोनदा नट सोडून ऑइलचा रंग बघायचा. एवढं न केल्याने बेअरिंग आणि क्राउन-पिनियन (आतले दातेरी गिअर) गेलेले मी पाहिलेत.

हवेच्या टाक्यांचंही तसंच. दमट हवा कॉम्प्रेसरने दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत जमतं. संध्याकाळी ट्रक लावताना टाकीखालची चावी उघडा. पहिली पिचकारी तांबूस पाण्याची येईल. ती रोज सोडली नाही तर टाकी आतून गंजते आणि व्हॉल्व्हही अडकतात.

इंजिनाच्या डिझेल पंपाला पाण्याइतकाच नव्या डिझेलचाही त्रास होतो. १ एप्रिल २०२० पासून मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत १० भागांपुरतंच. जुन्या पंपातल्या रबरी रिंगा या डिझेलमध्ये आकसतात आणि पाझरतात. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, वास डिझेलचा आला, तर आधी पंपाकडे बघा. इंजिन तसंच चालवू नका. आणि पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवू नका, रिकाम्या भागातलं दंव डिझेलमध्ये उतरतं.

कागदपत्रं थोडक्यात. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढत नाही, देशाचं संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांच्या प्रत्यक्ष कामातल्या विशेष गाड्या तेवढ्या वगळल्यात. म्हणून आधीच खाजगी नावावर नोंदलेलाच ट्रक बघा. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं. चासी नंबर बोटाने चाचपून वाचा, कारण किनाऱ्याकडच्या गाडीत तो गंजात बुजलेला असतो आणि तपासणीत तिथेच अडतं.

मेहुण्याला मी टाटा सांगितला. वाट रुंद असती आणि रोज माल असता तर स्टॅलियन म्हटलं असतं. शिवाय एक अट घातली: बघायला भर पावसात जा. दारांच्या रबरातून पाणी कुठे येतं ते तेव्हाच कळतं, आणि पायाखालचं मॅट उचलून पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की तो आरपार जातो का तेही.

परवा त्याचा फोन आला. कॅबिनचा पत्रा डाव्या कोपऱ्यात गेलाय, तो वेल्डिंगने भरून निघेल. मागच्या डिफरन्शियलचं ऑइल काळं, चांगलं. पुढच्याचं चहासारखं. मालकाशी बोलून सौदा आठवडाभर थांबवलाय. जुनं सील नमुना म्हणून काढून घेतलंय, ते घेऊन उद्या सकाळी मी उसगावला निघतो.